पाहुण्यांची खोली: गोव्यातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. चवथ (गणेशचतुर्थी) नेमकी याच ओलीत येते, म्हणजे घर पाहुण्यांनी भरते तेव्हाच भिंती घाम गाळत असतात. त्यामुळे इथे पडदे कोणते आणि रंग कोणता याच्या आधी खोली कोरडी कशी ठेवायची हे बघावे लागते. खालचे बरेचसे प्रश्न त्याभोवतीच फिरतात.

सुरुवात कुठून करावी?

खोली रिकामी करण्यापासून. पाहुण्यांची म्हटलेली खोली वर्षातले दहा महिने कोठीच असते. पलंगाखाली सोललेले नारळ, कोपऱ्यात आमसुलांची बरणी, मे महिन्यात गवतात पिकत घातलेले मानकुराद, कपाटावर बंद पडलेला मिक्सर. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी हे सगळे हलवले तरी वास तिथेच राहतो. नारळ आणि आंबे यांना दुसरी जागा कायमची ठरवा. ते जमत नसेल तर निदान पंधरा दिवस आधी बाहेर काढा आणि फरशी साबणाच्या पाण्याने पुसून घ्या. आंब्याचा रस फरशीच्या सांध्यात मुरला असेल तर मुंग्या महिनाभर येत राहतात.

खोली चार महिने बंद होती. कुबट वास येतो. अगरबत्ती, रूम फ्रेशनर चालेल?

चालेल, पण दोन तासच. कुबट वास म्हणजे कुठेतरी बुरशी आहे. त्यावर सुगंध फवारला की बुरशी आणि चाफा असा मिश्र वास येतो, तो नुसत्या कुबट वासाहून वाईट. वासाचे मूळ शोधा. बहुधा ते चारपैकी एका ठिकाणी सापडते: गादीची खालची बाजू, कपाटाची भिंतीकडची फळी, पडद्याची खालची दुमड आणि पलंगाचा पेटारा.

पाऊस नसेल तर सकाळी दहा ते दुपारी तीन समोरासमोरच्या खिडक्या उघडा आणि पंखा पूर्ण वेगाने सोडा. पावसात मात्र खिडकी उघडून खोली कोरडी होत नाही, कारण बाहेरची हवाच ओली असते. तेव्हा दारे-खिडक्या लावून एसी ‘ड्राय’ मोडवर तीन-चार तास चालवा, किंवा आर्द्रता शोषणारे यंत्र लावा. जुलैत बंद पडलेल्या खोलीत ते रात्रभर चालवले तर सकाळी टाकीत दोन-तीन लिटर पाणी सहज मिळते. ते पाणी एकदा बघितले की गादी का वास मारत होती हे वेगळे सांगावे लागत नाही. भिंतीवर एक स्वस्तातला आर्द्रतामापक टांगा. काटा ६० टक्क्यांखाली असेल तर बुरशी सहसा धरत नाही. ७० च्या वर तो दिवसेंदिवस राहिला तर धरणारच.

खोलीत कपडे वाळत घालू नका. पावसात मोकळी खोली दिसली की दोरी बांधायचा मोह होतो, पण कपड्यांतले सगळे पाणी शेवटी भिंतीत आणि गादीत जाते.

भिंतीचा रंग फुगून पापुद्रे सुटतात. दर वर्षी रंगवूनही तेच. काय चुकते?

ओल कुठून येते हे न बघता रंगवणे, ही पहिली चूक. एक सोपी परीक्षा करा. फूटभर लांब-रुंद जाड पारदर्शक प्लास्टिक भिंतीला लावा, चारही कडा चिकटपट्टीने पूर्ण बंद करा आणि ४८ तास थांबा. दवबिंदू प्लास्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला आले तर पाणी भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला आले तर भिंत बरी आहे, हवा दमट आहे. पहिल्या प्रकाराला गवंडी लागतो, दुसऱ्याला नुसती हवा खेळवली तरी पुरते.

भिंतीतून येणाऱ्या पाण्याचीही दोन रूपे आहेत. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच डाग असेल तर पाया पाणी ओढतो आहे. बाहेरच्या बाजूला भिंतीला टेकून मातीचा ढीग किंवा फुलझाडांचा वाफा आहे का बघा. असला तर तो फूट-दीड फूट दूर न्या, पागोळ्यांच्या पाण्याला चर काढून द्या. निम्मे काम तिथेच होते. डाग वरून खाली येत असेल तर कौल सरकले आहे किंवा स्लॅबला चीर आहे.

दुसरी चूक रंगाच्या निवडीत असते. चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत सच्छिद्र असते. पावसात ती पाणी पिते आणि उन्हाळ्यात सोडते. तिच्यावर प्लास्टिक इमल्शन चढवले की पाणी आत कोंडते आणि रंगाला फुगा येतो. जुन्या घरांना चुना लावायचे ते काही गरिबी म्हणून नव्हे. चुन्यातून भिंत श्वास घेते, शिवाय चुना क्षारयुक्त असल्याने त्यावर बुरशी लवकर धरत नाही. चुना किमान एक दिवस भिजवा, फडक्यातून गाळा आणि पातळ तीन हात द्या, प्रत्येक हाताआधी भिंत ओलसर करून. आधी इमल्शन असेल तर ते पूर्ण खरवडावे लागेल, नाहीतर चुना धरणार नाही.

भिंतीवर पांढरी पूड, म्हणजे खार, आला असेल तर तो कोरड्या ब्रशने झाडा आणि केराच्या सुपलीत भरून बाहेर टाका. पाण्याने पुसला तर विरघळून परत भिंतीत जातो.

रंगकाम दिवाळीनंतर, शक्यतो जानेवारी ते एप्रिल. चवथीच्या तोंडावर, ऑगस्टमध्ये दिलेला हात म्हणजे पैसे पावसात घालणे.

काळी बुरशी धरलीच आहे. कशी काढायची?

कोरडी खरवडू नका, तिचे बीजाणू खोलीभर उडतात. तोंडाला मास्क आणि हातात मोजे घालून आधी साबणाच्या पाण्याने ओली करून पुसा. मग १ भाग घरगुती ब्लीच आणि १० भाग पाणी असे द्रावण लावा, दहा-पंधरा मिनिटे ठेवा, पुसा, पंखा लावून वाळवा. खिडकी उघडी हवी. या द्रावणात संडास धुवायचे आम्लयुक्त औषध किंवा व्हिनेगर कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. लाकडावर ब्लीच नको, डाग पडतो. तिथे साबणाचे पाणी आणि ऊन.

पलंग आणि गादी कोणत्या मापाची घ्यावी?

खोली १० × १२ फुटांची असेल तर ५ × ६.५ फुटांचा पलंग पुरे. ६ फूट रुंद पलंग आणि कपाट घातले की दोन्ही बाजूंना चालायला पुरेशी जागा उरत नाही, आणि भिंतीकडे झोपणाऱ्याला रात्री दुसऱ्याला ओलांडून उठावे लागते. एका बाजूला तरी दोन फूट मोकळे हवे. आमच्या मते बहुतेक घरांना तीन फुटी दोन सुटे पलंग जास्त उपयोगी. जोडप्यासाठी जोडता येतात, मावशी आणि आत्या आल्या तर वेगळे करता येतात.

पेटारा असलेला पलंग टाळा. खाली हवा खेळत नाही आणि त्यात कोंबलेल्या गोधड्या ओल धरून ठेवतात. पट्ट्यांचा पलंग घ्या, पट्ट्यांमध्ये दोन इंचांची फट ठेवा. घरात आजोबांच्या वेळचा शिसवी पलंग असेल तर तोच वापरा. त्याच्यासारखा आता मिळणार नाही. वापरायच्या आधी पायांजवळ पिठासारखी बारीक पूड पडते का बघा. पडत असेल तर आत किडा आहे आणि लाकडाला औषध द्यायला हवे. भिंतीवरून मातीची बारीक नळी चढलेली दिसली तर ती वाळवी. नळी फोडून काही होत नाही, कीटकनाशकवाल्याला बोलवा.

गादी कापसाची की फोमची?

कापसाची गादी गोव्यात ओल धरते पण उन्हात परत उभी राहते. फोमची आणि मेमरी फोमची गादी कडक उन्हात घालायची नसते, भुसभुशीत होते, त्यामुळे ओल धरली की तिला उपाय कमी. काथ्याची गादी हवेशीर असते, कडकही असते. पाठ दुखणाऱ्यांना ती बरी, बाकीच्यांसाठी वर इंचभर लॅटेक्स किंवा पातळ कापूस घालावा.

कापसाची गादी मे महिन्यात तीन दिवस उन्हात ठेवा, दुपारी उलटा, आणि घरात आणल्यावर पूर्ण गार झाल्याशिवाय चादर घालू नका. दर तीन-चार वर्षांनी पिंजून घ्या.

चादर सारखी निसटते.

माप चुकले आहे. ५ × ६.५ फूट म्हणजे ६० × ७८ इंचांची, सहा इंच जाड गादी घ्या. तिला ९० × १०८ इंचांची चादर बसते: रुंदीत ६० अधिक दोन्ही बाजूंची १२ इंच जाडी, म्हणजे ७२, आणि उरलेले १८ इंच नऊ-नऊ करून खाली खोचायला. हीच चादर ६ फुटी गादीवर घातली तर खोचायला तीनच इंच उरतात, ती सकाळपर्यंत मध्यभागी गोळा होणारच. ६ फुटीला १०८ × १०८ घ्या.

कापड सुती, साध्या विणीचे. चमकणारी सॅटिन चादर फोटोत छान दिसते आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात अंगाला चिकटते. चादर आदल्या दिवशी धुऊन इस्त्री करा. इस्त्रीने उरलीसुरली ओल जाते, पण गरम असताना घडी घातली तर वाफ आत कोंडते. पाच मिनिटे खुर्चीवर पसरून ठेवा आणि मग घडी घाला.

पांघरूण म्हणून एक पातळ गोधडी आणि एक सुती चादर पुरे. जानेवारीत मात्र सत्तरी, धारबांदोडा भागात पहाटे पारा २० अंशांखाली उतरतो, तेव्हा एक जाड पांघरूण हाताशी ठेवा. मुंबईचा पाहुणा “गोव्यात कसली थंडी” म्हणत येतो आणि पहाटे चारला मागतो.

टॉवेल?

माणशी दोन, ३० × ६० इंचांचे, पातळ. हॉटेलसारखा जाड टॉवेल पावसात दोन दिवस वाळत नाही आणि तिसऱ्या दिवशी वास मारतो. एक पंचाही ठेवा. समुद्रावरून येणाऱ्यांसाठी जुने, गडद रंगाचे टॉवेल वेगळे, नाहीतर पांढऱ्या टॉवेलची वाळूने वाट लागते.

कपाट द्यावे का, आणि त्यात काय ठेवावे?

निम्मे कपाट पूर्ण रिकामे आणि सहा हँगर. पाहुण्याला तुमच्या लग्नातल्या साड्यांच्या शेजारी कपडे टांगायला संकोच होतो. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, तीन इंच फट ठेवा. नवीन करून घेत असाल तर प्लायवूडवर आयएस ७१० असा शिक्का बघा, तो पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा. भुश्शाच्या दाबलेल्या फळ्यांचे कपाट दोन पावसाळ्यांत खालून फुगते.

डांबरगोळ्यांबद्दल एक महत्त्वाचे. पाहुण्यांसोबत तान्हे बाळ असेल तर त्या गोळ्या कपाटातून आणि अंथरुणातून पूर्ण काढा. त्यातल्या नॅफ्थलीनमुळे काही बाळांच्या तांबड्या पेशी फुटतात, कावीळ होते. जी६पीडी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्यांना हा धोका जास्त. वाळवलेला कडुलिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून ठेवा. ओल शोषायला कॅल्शियम क्लोराइडचे डबे चांगले, फक्त मुलांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवा आणि तळाला साचलेले पाणी ओतत राहा.

कौलारू खोलीत एसी लावावा का?

खाली छत नसेल तर नको. कौलांच्या फटींतून गार हवा निघून जाते आणि यंत्र थांबतच नाही. छत घातले तर १० × १२ च्या खोलीला एक टन पुरतो, वर थेट स्लॅब तापत असेल तर दीड. छत घालताना कडेच्या फटी जाळीने बंद करा, नाहीतर रात्रभर वर उंदरांची शर्यत.

कौलारू खोलीला १२०० मिलिमीटरचा पंखा, पाती जमिनीपासून आठ फुटांवर येतील इतक्या लांब दांडीवर, हे बहुतेक महिने पुरेसे असते. बीएलडीसी पंखा ३०-३५ वॉट घेतो, जुना ७५. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर हा फरक कळतो.

खोली अंधारी आहे. राजांगणाच्या (घरातल्या चौकाच्या) मागची, खिडकी एकच.

एक-दोन काचेची कौले बसवा. ती उशीच्या वर येऊ देऊ नका, फरशीवर प्रकाश पडेल अशी घ्या. रात्रीसाठी पिवळसर, २७०० ते ३००० केल्व्हिनचा दिवा. पांढऱ्या ट्यूबलाइटखाली चांगली खोलीही दवाखान्यासारखी दिसते. पलंगावरून हात लांबवला की सापडेल असे एक बटण आणि एक चार्जिंगचा सॉकेट. दिवा बंद करायला उठून दारापर्यंत जावे लागणे ही पाहुण्यांची सर्वांत जुनी तक्रार असावी.

सजावट कशी करावी, ‘गोवा’ वाटेल अशी?

पाहुण्याला गोवा दाखवायला बाहेर आख्खा गोवा आहे, खोलीत त्याचे प्रदर्शन नको. शंख-शिंपल्यांची झुंबरे आणि नावाड्याची चित्रे दुकानांना शोभतात. घरात जे आहे तेच नीट ठेवा.

जुन्या घराला शिंपल्यांच्या खिडक्या असतील तर त्यांच्यापुढे जाड पडदा लावू नका. खिडकीच्या शिंपल्याच्या त्या चकत्यांतून येणारा दुधी उजेड दुसऱ्या कशातून येत नाही. लाल कावेची गुळगुळीत फरशी असेल तर तिच्यावर गालिचा घालू नका, खाली ओल धरते. कुणबी साडीच्या लाल चौकड्यांचे कापड पलंगाच्या पायथ्याशी आडवे टाकले की पुरते. डिचोलीच्या कुंभारांकडचे मातीचे भांडे, घरातला एखादा पितळी तांब्या आमसुलाने घासून लखलखीत केलेला. बस.

तसबिरी बाहेरच्या भिंतीवर टांगू नका. मागे ओल कोंडते आणि काचेआड बुरशीचे तपकिरी ठिपके येतात. टांगायचीच असेल तर मागच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे हवेला फट राहते. पडदे जमिनीपासून इंचभर वर ठेवा.

फुलांत अबोली उत्तम, कारण तिला वास नाही. सुरंगीचा गजरा कितीही आवडता असला तरी बंद खोलीत उशाशी ठेवला तर डोके चढते. तो दाराजवळ ठेवा.

डास?

खिडक्यांना जाळी, आणि पलंगाला चौकोनी मच्छरदाणी. खुंट्या भिंतीत साडेसहा फुटांवर आधीच बसवा, पाहुण्यासमोर खिळे ठोकण्यापेक्षा बरे. पाण्यातला मनी प्लांट शोभेचा असतो आणि डेंगीच्या डासाचा पाळणाही. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून दर पाच दिवसांनी पाणी बदला आणि बाटलीची आतली बाजू घासा, कारण अंडी काचेला चिकटलेली असतात.

न्हाणीत काय लागते?

भाणातले चुलीवरचे पाणी आता फार थोड्या घरांत उरले. १५ लिटरचा, २ किलोवॅटचा गिझर १५-२० मिनिटांत तापतो आणि गार पाणी मिसळून दोन बादल्या होतात. म्हणजे चार पाहुणे असतील तर मध्ये थांबावे लागेल, हे त्यांना आधी सांगा. गिझरच्या लाइनवर ३० मिलिअँपचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारे बटण) हवाच. खुंट्या आणि कड्या पितळी किंवा चांगल्या स्टेनलेस स्टीलच्या, किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत साधे लोखंड वर्षभरात गंजते. बाहेर एक नळ आणि पाट ठेवा, वाळूचे पाय तिथेच धुतले जातील आणि मोरी तुंबणार नाही.

वयस्कर पाहुण्यांसाठी वेगळे काही?

पलंगाची उंची गादीसकट १८ ते २० इंच. कमोडशेजारी भिंतीत धरायला दांडी, ती हवेच्या दाबाने चिकटणारी प्लास्टिकची नको, स्क्रूने बसवलेली. पलंग ते न्हाणी या वाटेवर रात्री जळणारा छोटा दिवा. पायपुसणे रबरी तळाचे, नाहीतर काढूनच टाका. जुन्या घरांच्या उंच उंबरठ्यावर पांढरी पट्टी चिकटवा.

चवथीला बारा माणसे येतात आणि खोली एकच.

पलंग बाहेर काढा. १० × १२ च्या रिकाम्या खोलीत तीन फुटी चार गाद्या शेजारी-शेजारी बसतात आणि पायथ्याशी साडेतीन फूट वाट राहते. गाद्यांखाली चटई किंवा जाड प्लास्टिक घाला, ऑगस्टमध्ये फरशी ओल सोडते. सकाळी गाद्या गुंडाळू नका, उभ्या करून भिंतीला तिरक्या टेकवा. बाकीच्यांना सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, झोपवाल तर निदान एका दोरीवर पडदा, एक आरसा आणि कपडे बदलायला एक खरी बंद होणारी जागा द्या. माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचे, सामान या खोलीत ठेवायचे असेल तर आधी विचार करा, सुपाऱ्यांचे घोस आणि तोरिंजन पहाटे न्यायला लोक येतात तेव्हा पाहुणे झोपलेले असतात.

खोलीत खायला काय ठेवावे?

झाकणाचा पाण्याचा जग, दोन पेले, केळी. बिस्किटे, चकल्या घट्ट झाकणाच्या डब्यातच, उघड्या ताटलीवर ठेवलेले काहीही तासाभरात मुंग्यांचे होते.

सूचनांचा कागद लिहावा का?

हो, एकच पान, हाताने लिहिलेले. वायफायचा पासवर्ड, गिझरचे बटण कोणते, नळाला पाणी किती वाजता, मोबाइलला रेंज घराच्या कुठल्या कोपऱ्यात मिळते, पोदेर (पाववाला) सकाळी किती वाजता भोंगा वाजवत जातो, रुग्णवाहिकेसाठी १०८. पावसाळा असेल तर एक ओळ ठळक: जून ते सप्टेंबर समुद्रात उतरायचे नाही, आणि जीवरक्षकाचे ऐकायचे.

हीच खोली पैसे घेऊन दिली तर?

मग ती घरची खोली राहत नाही. १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंद करावी लागते. परदेशी नागरिक राहिला तर त्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन भरायची.

पाहुणे गेल्यावर लगेच काय करावे?

चादर त्याच दिवशी काढा, घामाची चादर गादीवर राहिली की ओल खाली उतरते. गादी उभी करा, कपाटाची दारे उघडी टाका, पंखा दोन तास चालू ठेवा. आणि रिकामी खोली दिसली म्हणून नारळ परत आणून ठेवू नका.